तुमचा कावळा मी अडवला होता

आप्पा,

गेलेल्या माणसाचे उणे काढू नये, हे मला पाठशाळेत शब्दरूपांच्या आधी शिकवले गेले. आयुष्यभर मी ते पाळले. केडगावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असताना ज्या मुख्याध्यापकांनी मला फार छळले, त्यांच्या शोकसभेतही मी त्यांच्या हस्ताक्षराची स्तुती करून खाली बसलो होतो. तुमच्यासाठी मात्र तो नियम मोडतो आहे. रागाच्या भरात मोडत नाही. स्नान, संध्या, पूजा आटोपून, आसनावर बसून मोडतो आहे. राग असता तर एव्हाना निवला असता. माझ्याजवळ आहे तो सूड आहे, आणि तो मी दोन वर्षे देवघरातल्या समईसारखा जपला आहे, रोज तेल घालून.

आपण व्याही. माझ्या वसुधेने आणि तुमच्या संदीपने आपले आपण ठरवले आणि आपण दोघांनी मुकाट्याने अक्षता टाकल्या. दोन्ही घरांचे कुलाचार वेगळे, चुली वेगळ्या. निमोण्याला तुमच्याकडे आलो की माई, तुमच्या सौभाग्यवती, माझ्यासाठी निराळ्या पातेल्यात पिठले करीत, आणि तुम्ही आपली रश्श्याची वाटी माझ्या ताटाजवळून मुद्दाम हळू नेत असा. "गुरुजी, नुसत्या वासाला तर शास्त्राची ना न्हाई ना?" असे विचारीत असा. मी सांगे की वासाने अर्धे भोजन होते, म्हणून तर श्वास रोखून बसलो आहे. त्यावर तुम्ही मांडीवर थाप मारून हसत असा. ते हसणे मला आवडत असे. आवडत्या माणसाशी जडलेले वैर अधिक खोल जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

नातवाचे नाव मी अनिरुद्ध सुचवले होते. बारशाला आत्या पाळण्याशी वाकण्याआधीच तुम्ही मोठ्याने 'मल्हार' म्हणून मोकळे झालात. मी माघार घेतली. पुढे त्याला वाढताना पाहिले तेव्हा वाटले की माझेच नाव त्याला शोभले असते. ज्याला कोणी अडवू शकत नाही, तो अनिरुद्ध.

जन्मला तेव्हा त्याचे ओठ निळसर होते. दूध पिताना त्याच्या कपाळावर घाम येई, अंगावर पिणे हीच त्याची मजुरी असल्यासारखा. हृदयाला छिद्र आहे आणि फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे, असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रियेसाठी रक्त लागणार, एवढा निरोप निमोण्याला पोचला, आणि तुम्ही जीपभर भावकी घेऊन रुग्णालयाच्या दारात उभे राहिलात. तुमचे धाकटे बंधू बापू तर सुई पाहूनच बाकावर आडवे झाले. "बाप्या, बोकड कापताना हसतूस, आन् हितं मुंगी चावायच्या आदीच पडतूस व्हय?" असे तुम्ही म्हणालात, तेव्हा परिचारिकांनी तोंडाला पदर नसल्यामुळे हात लावले. त्या दिवशी त्या एवढ्याशा देहात तुमच्या कुळाचे रक्त गेले. हे ऋण मी नाकारत नाही. सूड घेणाऱ्याने निदान सत्य तरी पुरते सांगावे.

छिद्र बुजले, वाट मोकळी झाली, पण झडप गळकी राहिली. मोठा झाल्यावर ती बदलावी लागेल. तोवर दम लागेल असे धावू द्यायचे नाही, अशी डॉक्टरांची आज्ञा होती. आणि मल्हार चालायला लागला तो धावतच. बोलायला लागला तो एका वाक्याच्या मधून दुसरे सुरू करीत. शाळेत तो बाकावर बसे तेव्हा त्याचे गुडघे बसत नसत. बाई त्याला वर्गाबाहेर उभा करीत, आणि बाहेर तर सारे जगच हिंडायला मोकळे. शेवटी मनाच्या डॉक्टरांनी निदान केले: एडीएचडी. मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीने लावला. त्याला अवधान नाही असे नाही. ते एकाच वेळी दाही दिशांना आहे. चिमणी, पंखा, शेजारच्याचा डबा, रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगा, सगळे त्याला सारख्याच अगत्याने हाक मारतात, आणि तो कोणाचाही अवमान करीत नाही.

त्या देहाला दोन स्वामी होते, आप्पा. हृदय म्हणे थांब, मन म्हणे धाव. दोघांच्या मध्ये माझी मुलगी उभी होती.

कारेगावला कंपनीजवळच्या इमारतीत त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बहुधा बंदच. संदीप पाळीवर गेलेला असे. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात मुलगा, आणि जिना पाहिला की तो उधळणार. मग मी त्याला एक स्तोत्र शिकवले. पायरीला एक अक्षर, चरण संपला की थांबायचे, श्वास घ्यायचा, मग पुढचा चरण. घाई केली तर अक्षर गळते आणि देव रागावत नाही, पण पुन्हा खालून सुरुवात करावी लागते, असा नियम त्यानेच केला. शेजारच्या बिहारी बाई दार उघडून ऐकत. असे त्याला एकेका अक्षराने वर नेले वसुधेने. ओरडून नेता आले नसते. ओरडले की तो पळे, आणि तो पळाला की मागे धावायचे नाही, हे तिने शिकून घेतले होते. मागे कोणी आले की तो दुप्पट वेगाने पळे.

गोळीचा निर्णयही तिने असाच पायरीपायरीने घेतला. मनाचे डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय मी लिहून देणार नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून, थोड्या मात्रेने, लक्ष ठेवून द्या, असे सांगितले. रोज सकाळी नाश्त्यानंतर आधी मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहायची, मग गोळी. काही दिवसांनी मल्हारने आयुष्यात प्रथमच एक चित्र शेवटपर्यंत रंगवले. तुमचे पांढरे खोंड होते ते, शिंगांसकट. वसुधा स्वयंपाकघरात जाऊन रडली. ते चित्र तिने तुम्हालाच पाठवले, आप्पा. तुम्ही ते गोठ्याच्या दाराला चिकटवलेत आणि म्हणालात, "चित्र ब्येस हाय. पर त्यासाठी डोक्याची गोळी कशापायी?"

यावर आपला वाद झाला तो गोठ्यातच. तुमच्या दारात ट्रॅक्टर असूनही शर्यतीच्या हौसेने तुम्ही ते खोंड वाढवीत होता. त्याच्या पाठीवरून हात फिरवीत तुम्ही मला तुमचे शास्त्र सांगितलेत. "गुरुजी, खोंड मारून वळणाला येत न्हाई. त्येला नांगरटीत चालवायचं. ढेकळात पाय रुततो, दम निघतो, मग आपसूक मान खाली घालतं. प्वारगं बी तसंच. तुम्ही त्येला दमूच देत न्हाई, मग त्ये निवणार कवा?" मी म्हणालो, आप्पा, खोंडाचे हृदय गळके नसते. तुम्ही म्हणालात, "आता शिवलंय की त्ये." जणू पोते शिवले होते. मी तिथेच तुम्हाला आणखी कठोर बोललो असतो, पण माई चहा घेऊन आल्या, आणि चहाच्या साक्षीने मी कोणाशी भांडत नाही. तो वाद तसाच राहिला. त्याचा निकाल तुम्ही एकट्याने लावलात.

त्या दिवाळीच्या सुट्टीत वसुधा ज्वराने पडली होती म्हणून मल्हार निमोण्याला होता. तुम्ही त्याच्या हाती खोंडाचा कासरा दिलात आणि पडीक तुकड्याच्या ताज्या नांगरटीत दोघांना पुढे घातलेत. खोंड दमले नाही. मल्हार ढेकळांवर कोसळला, ओठ पुन्हा जन्माच्या दिवसासारखे झाले. शिरूरपर्यंत तुम्ही त्याला गाडीत मांडीवर धरून आणलेत, तिथून रुग्णवाहिका पुण्याला गेली. मी केडगावहून पोचलो तेव्हा तुम्ही रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसला होता. वहाणांना ओली माती थापलेली. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. म्हणालात, "नांगरटीत चालवला हो, गुरुजी. वाटलं दमंल, जरा निजंल."

मी तसाच आत जाऊन डॉक्टरांना ते सांगितले. काय घडले ते नेमके कळल्यामुळे पुढचे उपचार सोपे झाले, असे ते नंतर म्हणाले. म्हणजे तुमच्या त्या एका वाक्याचा माझ्या नातवाच्या जगण्यात वाटा आहे. ते वाक्य तुम्ही तसेच राहू दिले असतेत, तर मी तुमच्या पायांना हात लावला असता. वयाने तुम्ही धाकटे असूनही लावला असता.

दुसऱ्या दिवशी संदीपने तुम्हाला विचारले, आणि तुम्ही म्हणालात की पोरगे खेळता खेळता पडले. "गुरुजी घाबरल्यात. काय बी बोलत्यात."

आप्पा, मी सत्तरी ओलांडलेला मनुष्य. मी कोणाचा पैसा बुडवला नाही, कोणासाठी खोटी साक्ष दिली नाही. सत्य हे एवढे एकच भांडवल मी बाळगले होते. माझ्या जावयासमोर तुम्ही मला असत्यभाषी ठरवलेत. तेही मी गिळले असते. पण पडलेल्या मुलाला कारण हवे होते, आणि तुमचे कारण नाहीसे झाल्यावर लोकांनी दुसरे शोधले. आईनेच डोक्याच्या गोळ्या चारून पोराचे काळीज थांबवले, असे निमोण्यात झाले, आणि तिथून कारेगावात आले. मल्हार स्वतः सांगत होता की आप्पांनी मला कासरा धरू दिला, मी खोंडासंगं लांब चाललो. पण तोच मल्हार असेही सांगत होता की खोंड माझ्याशी बोलले. त्यामुळे मोठ्यांनी त्याची दोन्ही विधाने एकाच टोपलीत टाकली.

घरच्यांच्या धाकाने वसुधेने गोळी बंद केली. त्या वर्षात मुलगा वर्गात कमी आणि वर्गाबाहेर अधिक शिकला. भिंतीवरून उडी घेतली, हात मोडला. हृदयाच्या डॉक्टरांनी संदीपला समोर बसवून गोळीचा काही दोष नव्हता असे सांगितले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. पण तोवर तुमच्या भावकीतल्या बायका माझ्या मुलीला 'गोळीवाली' म्हणू लागल्या होत्या. लग्नाकार्यात तिच्या हातचे पाणी घेताना एकदोघी हसल्या. एकदा तिने मला विचारले, बाबा, खरेच माझ्यामुळे नसेल ना? ती जाणत होती. मी तिला पहिल्या दिवशीच सारे सांगितले होते. तरीही तिने विचारले. आप्पा, तुमचा मी त्या क्षणी शत्रू झालो. मुलगा तुम्ही अज्ञानाने पाडलात. त्याच्या आईला तुम्ही जाणूनबुजून पडू दिलेत.

मी वाट पाहिली. तुमचे असत्य तुम्हीच परत घ्यावे, कारण ते तुमच्या तोंडचे होते, अशी माझी धारणा होती. गेल्या हिवाळ्यात दौंडला एका लग्नात आपण पंगतीत शेजारी बसलो. मी तुम्हाला एवढेच म्हणालो की एकदा बोला, चार माणसांत बोला. तुम्ही जिलेबीचा तुकडा बराच वेळ बोटांत धरून होता. मग म्हणालात, "गुरुजी, माणूस एकदा खोटं बोलला का त्येला खरं बोलाय जागाच ऱ्हात न्हाई." वाढप्याने मठ्ठा आणला. तुम्ही वाटी पुढे केलीत. आपले एवढेच शेवटचे बोलणे.

आणि मग तुम्ही गेलात. तुमचे हृदय, ज्याला कधी छिद्र नव्हते आणि ज्याची झडप कधी गळली नाही, ते गोठ्यात धार काढता काढता थांबले. बातमी ऐकून मला प्रथम आठवले ते तुमचे मांडीवर थाप मारून हसणे. मी देवापुढे बसलो, आणि तुम्ही निसटलात याचा मला संताप आला. हे दोन्ही मी त्याच आसनावर अनुभवले.

आता दहाव्याचे सांगतो, कारण ते तुम्हाला कोणी खरे सांगणार नाही.

घोडनदीच्या काठी मांडव होता. सतरंज्या, लाउडस्पीकर, अर्धा तालुका. पिंड ठेवला आणि सर्व जण मागे सरून बसले. बाभळीवर कावळे पुष्कळ होते, पण एकही उतरेना. बापू पुढे होऊन म्हणाले की आप्पा, पोरांची काळजी करू नका. संदीप म्हणाला की आईला अंतर देणार नाही. शर्यतीचे खोंड विकणार नाही, असेही कोणी कबूल केले. कावळे ढिम्म.

कारण उघड होते. मल्हार पिंडापासून दोन हातांवर उकिडवा बसला होता. त्याला कावळ्याचे एक पीस सापडले होते, ते कानामागे खोचून तो कावळ्यासारखा ओरडत होता, आणि इतका हुबेहूब की बाभळीवरून त्याला उत्तरे येत होती. भावकीतले कोणीही त्याला उठवायला जाईना. हाकलले तर पळेल, पळाला तर दम लागेल. पोराला पळवायचे नाही, हे तुमच्या साऱ्या कुळाला आता समजले होते. तुम्हाला तेवढे समजले नव्हते. वसुधा उठू लागली, तेव्हा मी तिला हाताने बसवले. कोणीतरी माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "गुरुजी, तुमचं ऐकतंय त्ये. बोलवा की इकडं."

मी बोलावले नाही. मी जप करीत बसलो. तुम्ही त्याला चालवले होते. आता त्याने तुम्हाला थांबवले होते. ऊन चढत गेले. तुम्ही उपाशी होता आणि तुमची मुक्ती माझ्या एका हाकेवर अडली होती. मला शास्त्र ठाऊक आहे, आप्पा. मी काय करीत होतो ते मला पूर्ण ठाऊक होते.

कावळा शिवेना म्हणून श्रद्धांजलीची भाषणे लांबली. सोसायटीचे चेअरमन म्हणाले की नातवाला तळहातावरच्या फोडासारखा जपणारा असा आजा होणे नाही. बायकांत वसुधेने मान खाली घातली. आणि सूत्रसंचालकाने, विद्वान व्याही म्हणून, माईक माझ्या हाती दिला.

मी म्हणालो: "आप्पांनी नातवावर जीव लावला, हे खरे आहे. मल्हार खेळताना पडला, हे खरे नाही. आप्पांनी त्याला खोंडामागे नांगरटीत चालवले, तो दमावा म्हणून. त्याच्या आईने दिलेल्या गोळीने काहीही झाले नव्हते. हे आप्पांनी मला स्वतः सांगितले होते. त्यांचे बोलायचे राहून गेले, म्हणून मी बोलतो."

शेवटचे वाक्य लोकांना सौजन्याचे वाटले असेल. ते सर्वांत धारदार होते. दोन वर्षे जे तुम्ही दातांखाली धरले, ते तुमच्याच नावाने, माझ्या तोंडून, लाउडस्पीकरवरून नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत गेले, आणि तुम्हाला 'गुरुजी घाबरल्यात' म्हणता आले नाही.

बापू उठले. "गुरुजी, ही जागा न्हाई ह्ये बोलायची." मी विचारले की मग कोणती. संदीप आपल्या पायांकडे पाहत होता. दोन वर्षांपूर्वी ज्याने मला खोटे मानले तो तोच होता, म्हणून मी त्याच्याकडे पाहिले नाही. तेवढ्यात बायकांमधून, पांढऱ्या कपाळाच्या माई, बसल्या जागेवरूनच बोलल्या. माईकची त्यांना गरज पडली नाही.

"व्हय. गोठ्याच्या दारातनं म्या बघितलं हुतं. हाळू चालवा म्हनले, तर म्हनले, तू भाकरी थाप."

मग मी हाक मारली. "मल्हार, ये. हळू." तो उठला. पीस कानामागेच. त्याचे ओठ हलत होते. जिन्यावरचे स्तोत्र, पावलाला एक अक्षर. तो माझ्यापाशी पोचायच्या आत कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

मांडवात सुस्कारा गेला. "बघा, खरं बाह्येर आलं तवा शिवला." "आप्पाचा जीव ह्याच्यातच गुतला हुता." आता निमोण्यात असेच सांगतात की तुम्हाला सत्य बोलून जायचे होते म्हणून तुम्ही कावळ्याला थोपवून धरले. मी तुम्हाला उघडे पाडायला उठलो, आणि लोकांनी तुम्हाला सत्यप्रिय करून परत पाठवले. पोर उठल्यावर कावळे उतरतात, एवढेच ते होते. पण मी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. तुम्हाला आणखी एक असत्य लाभू दिले, कारण त्या असत्याबरोबर माझ्या मुलीवरचे असत्य पुसले जात होते. तेवढा सौदा मी केला. क्षमा मात्र त्यात धरू नका. मल्हारची झडप बदलण्याचा दिवस येईल, तुमची भावकी पुन्हा जीपभर येईल, बापू पुन्हा बाकावर आडवे होतील. त्या दिवशी तुमची थट्टा आठवून मी हसेन, आणि पायऱ्यांवरच्या तुमच्या वहाणाही आठवीन. दोन्ही आठवीन. एकासाठी दुसरे विसरणार नाही.

निघताना माई वसुधेजवळ आल्या. ज्या बायका हसल्या होत्या त्या तिथेच उभ्या होत्या. माईंनी मोठ्याने विचारले, "वसू, पोराची गोळी कवा असती? म्हंजी जेवायच्या आदी का मागनं?"

मल्हारनेच सांगितले की नाश्त्यानंतर, पण आधी नाडी बघायची असते, आणि आपला हात आजीपुढे धरला. माईंनी भाकरी थापणारी जाड बोटे त्याच्या मनगटावर ठेवली. इथे दाबले, तिथे दाबले. तो तेवढा वेळ हलला नाही.

"घावली," माई म्हणाल्या.

हे ऐकायला तुम्ही नव्हतात, आप्पा. तुम्हाला झालेली सर्वांत मोठी शिक्षा ती हीच, आणि ती मी दिलेली नाही.